‘जरा’ म्हणजे किती?

संपादकांचा फोन आला तेव्हा मी मागीलदारी धाकट्याचे पाय धूत होते. २०२५ च्या एप्रिलचा दुसरा आठवडा. दिवाळी अंकासाठी कथा हवी होती, पाच-सहा हजार शब्दांची, ३१ जुलैपर्यंत. मी लगेच हो म्हटलं. फोन ठेवला आणि मग छातीत धस्स झालं. मोठी तेव्हा साडेचार वर्षांची होती, धाकटा तेरा महिन्यांचा. त्याच्या जन्मापासून मी वाणसामानाच्या यादीपलीकडे काहीही पुरं लिहिलेलं नव्हतं.

दिवाळी अंकाचं वेळापत्रक कोकणात लेकुरवाळ्या बाईला फार अवघड जातं. वाचकाच्या हातात अंक पडतो तो फराळाबरोबर, पण लिहिणाऱ्याचा हंगाम मे ते जुलै. म्हणजे आमच्याकडे आधी आंबे-फणस आणि मुंबईची माणसं, मग पाऊस, लावणी, गेलेली वीज, न वाळणारे कपडे आणि पोरांचे ताप. १९०९ साली ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढणारे काशीनाथ रघुनाथ मित्र हे मूळचे आजगावकर, आमच्या कोकणातलेच. आपल्याकडचा जुलै कसा असतो हे त्यांना ठाऊक असणार, असं मला उगाचच वाटत राहतं.

आमचं घर गुहागरला. पुढे अंगण आणि रस्ता, मागे नारळ-पोफळीची वाडी, वाडी संपली की सुरूचं बन आणि समुद्र. नवरा नोकरीसाठी रोज चिपळूणला जातो, सुमारे ४५ किलोमीटर. सकाळी साडेसातला निघतो, परतेपर्यंत दिवेलागण होऊन गेलेली असते. सासूबाई सहासष्ट वर्षांच्या, त्यांना मी आई म्हणते. वाडी आणि थोडीफार भातशेती त्याच बघतात. दिवसभर घरात मी आणि दोन मुलं.

आधी रात्री लिहून पाहिलं. सगळे तेच करतात असं ऐकलं होतं, मुलं झोपली की बसायचं. दोघं झोपेपर्यंत दहा वाजायचे, ओटा आवरून साडेदहा. मग मी माजघरात दिव्याखाली बसायचे. पहिली तीन पानं झाली ती अशीच. पण धाकटा बाराला उठायचा, परत दोनला, आणि सकाळी सहाला माझा दिवस सुरू व्हायचा तो ठणकत्या डोक्यानं. आठ-दहा दिवसांनी एका सकाळी मोठीकडून दुधाचा पेला सांडला आणि मी तिच्या पाठीत धपाटा घातला. तिनं रडण्याआधी क्षणभर माझ्याकडे नुसतं बघितलं. तिला लागलं कमी होतं, पण हे कुठून आलं ते तिला कळत नव्हतं. मला कळत होतं. ते रात्रीच्या तीन पानांतून आलं होतं. त्या दिवसापासून रात्रीचं लिहिणं बंद केलं, ते अजून बंदच आहे.

मग पहाटेचा प्रयत्न. चार वाजता उठायचं, चहा करून घ्यायचा आणि बसायचं. पण धाकटा तेव्हा अंगावर पीत होता. शेजारची ऊब गेली की त्याला वीस मिनिटांत जाग यायची, मी कितीही पाय न वाजवता उठले तरी. आठवडाभर रोज मी वीस मिनिटांची लेखिका होते. वीस मिनिटांत मागचं वाचून होतं, पुढचं सुचायला लागतं आणि आतून रडणं ऐकू येतं. याच्यापेक्षा न लिहिणं बरं, इतका मनस्ताप व्हायचा.

मे महिन्यात घर भरलं. दोन्ही वन्सं, त्यांची मुलं, मुंबईचे चुलत दीर, मिळून चौदा माणसं. मुलांकडे बघायला हात खूप होते, म्हणून मला आशा होती. पण इतक्या माणसांत ‘मी लिहायला बसते’ असं म्हणायची माझी छाती झाली नाही. लोणच्याच्या कैऱ्या फोडायला बसलेल्या बायकांतून उठून कथा लिहायला कसं जायचं? मी माळ्यावर जायचे, नाव करायचे गोधड्या काढायचं, आणि तिथं वहीत लिहायचे. खालून हाक आली की वही गोधड्यांच्या घडीत. धाकट्या वन्संना एकदा ती सापडली. त्या काही वाईट बोलल्या नाहीत. “अजून लिहितेस का?” एवढंच म्हणाल्या आणि वही होती तिथं ठेवली. पण चोरी पकडली गेल्यासारखं मला दिवसभर वाटत राहिलं. चोरी होतीच. मी लिहीत होते ते वाईट म्हणून नव्हे, मी ते लपवत होते म्हणून.

याच वन्संना पहिल्या बाळंतपणात पुण्याच्या कंपनीतून २६ आठवड्यांची पगारी रजा मिळाली होती. २०१७ साली कायद्यात सुधारणा झाली तेव्हापासून पहिल्या दोन मुलांसाठी नोकरीतल्या बायकांना ती मिळते. रजा संपत आली की सगळे विचारायचे, परत कधी रुजू होणार, बाळाला कोण बघणार? घरात बैठका झाल्या. माझ्या दोन्ही बाळंतपणांनंतर मला हे कुणी विचारलं नाही. मी कुठून रजेवर गेले होते हेच कुणाला माहीत नव्हतं. दोष त्यांचा नाही. मी कधी सांगितलंच नव्हतं.

त्या वर्षी पाऊस फार लवकर आला. २५ मे रोजी मान्सून देवगडपर्यंत पोचला होता. मृगाच्या कितीतरी आधी. आमच्या अंगणात आंब्याची साटं घातली होती, ताटं आणि सुपं भरून. पाहुणे निघून गेलेले. आई आणि मी धावत ती साटं आत आणली, माजघरात पंख्याखाली मांडली. अर्धी भिजलीच. आई कपाळाला हात लावून बसल्या होत्या, आणि नेमक्या त्याच वेळी मी म्हटलं, “आई, जरा धाकट्याला बघता?”

त्या एकदम उसळल्या. “‘जरा’ म्हणजे किती गो? तू जरा म्हणून जातेस नि तास होतो. मी भात लावू की नको, वाडीत जाऊ की नको, मला काही कळत नाही. पोर दर दोन मिनिटांनी दाराकडे बघतं. दोन तास हवेत तर दोन तास म्हण, मी दोन तास बघेन. पण जरा म्हणू नको.”

मला आधी रडू आलं. मग लक्षात आलं, त्यांनी नाही म्हटलेलं नाही. त्या हिशोब मागत होत्या. दोन वर्षं मी त्यांचा वेळ असाच मुठी-मुठीनं, न विचारता उचलत होते आणि वर आपल्याला वेळ मिळत नाही म्हणून झुरत होते. त्या संध्याकाळी भिजकी साटं उलटत उलटत मी त्यांना पहिल्यांदा सगळं सांगितलं. कथा आहे, तारीख आहे, रोज दोन तास लागतील. बदल्यात संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ स्वयंपाकघर पूर्ण माझं, त्यांनी आत डोकवायचंही नाही, मालिका बघायची किंवा पोथी वाचायची. त्यांना ते एकदम पटलं. मग म्हणाल्या, “गोष्ट कसली लिहितेस?”

माझी गोष्ट एका खलाशाची होती. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते, त्या दोन महिन्यांत घरी आलेल्या बापाला त्याची लहान मुलगी ओळखतच नाही, अशी. आईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “असं कसं होईल? खलाशी शिमग्याला येतोच की घरी. म्हणजे पोरीनं अडीच महिन्यांपूर्वी बापाला बघितलेलं असणार. ती ओळखेल.” माझी अख्खी गोष्ट त्या एका वाक्यानं खाली बसली. रात्रभर मी तिच्याभोवती फिरत होते. सकाळी कळलं की आईंनी दिलेली गोष्ट माझ्यापेक्षा चांगली आहे. मुलगी बापाला ओळखते, चांगलं ओळखते, आणि तरी त्याच्याकडे जात नाही. कारण तो परत जाणार हे तिला शिमग्यापासून माहीत आहे.

शाळा १६ जूनला सुरू झाल्या, मोठीची अंगणवाडीही. देशात अंगणवाड्या १९७५ साली सुरू झाल्या त्या मुलांच्या पोषणासाठी आणि आरोग्यासाठी, पण आमच्या वाडीतल्या त्या एका खोलीनं मलाही पोसलं आहे. पावणेदहाला मोठीला रेनकोट घालून सोडायचं, दहाला बसायचं, बाराला उठायचं. वेळ भिंतीवर लिहिली नाही, कारण दोघांनाही घड्याळ कळत नाही. पण बाराच्या सुमाराला घरावरून एसटी जाते. आईंनी धाकट्याला शिकवलं, एसटी आली की आई येणार. पंधरवड्यात ते त्याच्या इतकं अंगवळणी पडलं की दहाला मी आतल्या खोलीत गेले की तो रडायचा नाही, ओटीवर जाऊन रस्त्याकडे तोंड करून बसायचा आणि सुपाऱ्या डब्यात टाकायचा.

एसटी पावसात उशिरा येते. एकदा दरड आली म्हणून आलीच नाही. पहिल्या वेळी मला मोह झाला, एसटी नाही म्हणजे वीस मिनिटं जास्त मिळाली. मी बसून राहिले. बारा वीसला बाहेर आले तर तो दाराच्या कडीला धरून उभा, न रडता, तोंड पांढरं. त्यानंतर मी ठरवलं की एसटी येवो न येवो, बाराला उठायचं. वाक्य अर्धं राहिलं तर अर्धं. अर्धी वाक्यं टाकून उठायला मला आधी जड जायचं, पण पुढे लक्षात आलं की दुसऱ्या दिवशी दहाला बसल्यावर ते अर्धं वाक्यच मला आत ओढून घेतं. पूर्ण केलेल्या परिच्छेदापुढे मी पूर्वी अर्धा तास नुसती बसून राहायचे.

दोन तास म्हणजे फार नव्हेत. ते पुरायचे असतील तर बसण्याआधी काहीतरी हातात असावं लागतं. म्हणून मी लिहिण्याची दोन कामं वेगळी केली: जुळवणं आणि उतरवणं. उतरवायला टेबल लागतं, शांतता लागते. जुळवायला लागत नाही. आटवल भरवताना, डाळ निवडताना, ओले लंगोट चुलीच्या उबेला दोरीवर पसरताना जुळवता येतं. फक्त ते विसरायच्या आत कुठं तरी ठेवायला हवं. फोनवर बोलून मराठी टाइप करायचा प्रयत्न केला, पण पडवीच्या पत्र्यावर पाऊस कोसळत असला की फोन भलतेच शब्द लिहायचा, खलाशीचं काहीतरी तिसरंच व्हायचं. नुसता आवाज साठवून ठेवणं जास्त उपयोगी पडलं. रात्री अंथरुणावर कानाशी धरून ऐकायचं, दुसऱ्या दिवशी काय उतरवायचं ते पक्कं करून झोपायचं. वही मी प्लास्टिकच्या पिशवीत ठेवायचे. जुलैच्या दमट हवेत शाईच्या पेनाची अक्षरं कागदावर फुटतात, म्हणून पेन्सिल. वीज गेली तरी पेन्सिल चालते, आणि आमच्याकडे त्या महिन्यात वीज असण्यापेक्षा नसण्याचाच हिशोब सोपा.

जुळवण्याची एक मोठी किंमत आहे, ती मला मोठीनं सांगितली. एका संध्याकाळी ती चित्र दाखवत होती, मी “हो, छान” म्हणत होते. तिनं चित्र खाली केलं आणि म्हणाली, “आई, तू बघतेस पण तुला दिसत नाही.”

ती अगदी खरं बोलली होती. मी तिच्यासमोर बसून खलाशाच्या घरात होते. त्यानंतर मी एक केलं, संध्याकाळी चार ते सहा जुळवणंसुद्धा बंद. फोन फडताळात. त्या वेळात जे सुचेल ते गेलं तर जाऊ दे. बरंच गेलंही असेल. त्याचं मला दुःख आहे, आणि तरी तो वेळ मी परत घेणार नाही.

तिचं ते वाक्य मी कथेत घेतलं. खलाशाची मुलगी तेच बापाला म्हणते, आणि कथा तिथंच वळते. घेताना हात अडखळला. वाक्य तिचं, ते माझ्याबद्दलचं गाऱ्हाणं, आणि मी ते छापायला देणार. मी तिला विचारलं, तू म्हणालीस ते मी गोष्टीतल्या मुलीला देऊ का? तिनं विचारलं, “मग ते माझ्याकडे राहील का?” राहील म्हटलं, तर हो म्हणाली. साडेचार वर्षांच्या मुलीचं हो किती धरायचं, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. मुलांची दुखणी, त्यांची फजिती, त्यांचे हट्ट मी लिहिणार नाही एवढं पक्कं ठरवलं आहे. त्यांची नावं इथं नाहीत तीही म्हणूनच. पण एक वाक्य मी घेतलं आहे.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात लावणी आली. आवण तयार, पाऊस बरा, आई शेतात गेल्या. हे मला आधी माहीत असायला हवं होतं, पण मी दोन तासांच्या आनंदात विसरून गेले होते. पुढच्या वाडीतली एक मुलगी बारावी होऊन कॉलेजच्या प्रवेशाची वाट बघत घरी होती. तिला दिवसाला शंभर रुपयांवर दोन तासांसाठी बोलावलं. ती धाकट्याला खेळवायची ते बघण्यासारखं होतं, मी दोन-तीनदा दाराच्या फटीतून बघत उभी राहिले आणि माझी दहा-दहा मिनिटं गेली.

आणि मग धाकट्याला ताप चढला. १०३. रात्री मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या, सकाळी भर पावसात चिपळूणच्या डॉक्टरांकडे, रक्ततपासणी, परत घरी, तीन दिवसांनी परत चिपळूण. तो उतरतोय तोवर मोठीला चढला. अकरा दिवस वही पिशवीतून बाहेर आली नाही. त्या दिवसांबद्दल सांगण्यासारखं काही नाही. त्यात कथा एकदाही आठवली नाही, आणि दोघं बरी होऊन पेज मागायला लागली तेव्हा आठवली ती एकदम, पोटात खड्डा पाडून. २४ जुलै होती आणि माझ्याकडे निम्मी कथा होती.

पूर्वीची मी असते तर संपादकांचा फोन घेतला नसता, शेवटच्या दिवशी काहीतरी कारण कळवलं असतं. या वेळी मीच फोन केला. मुलं आजारी होती, मला सात दिवस वाढवून हवेत, ७ ऑगस्टला कथा तुमच्याकडे असेल, असं तारखेसकट सांगितलं. ‘जरा उशीर होईल’ असं तोंडावर आलं होतं, ते गिळलं. ते म्हणाले, चालेल, पण ७ म्हणजे ७. पुढे मांडणी लागते, छपाई लागते, मग गणपती येतात. त्या वर्षी गणपती २७ ऑगस्टलाच होते.

मग मी कापलं. खलाशाच्या भावाची, त्याच्या कर्जाची, नव्या जाळ्याची एक अख्खी शाखा होती, दीड हजार शब्दांची. मला आवडणारी. तिला पुरं करायला आठ दिवस लागले असते, ते नव्हते. ती काढल्यावर उरलं घर, बाप, मुलगी आणि बाहेर ओढून ठेवलेली होडी. कथा चार हजार शब्दांत मावली. वेळ असता तर मी ती शाखा ठेवली असती आणि कथा पसरट झाली असती, हे मला आता दिसतं. म्हणून आजारपणाचे आभार मानावेत असं मात्र मला मुळीच वाटत नाही.

शेवटचे दहा दिवस ती मुलगी परत येत होती. एकूण सोळा दिवसांचे सोळाशे रुपये झाले. कथेचं मानधन अडीच हजार. नवऱ्यानं विचारलं, “म्हणजे चार महिन्यांत नऊशे रुपये?” तो टोमणा नव्हता, त्याची ती पद्धतच आहे, बेरीज करून बघायची. पण मला ते लागलं, आणि मी सांगितलं की लागलं. मग हेही सांगितलं की चार महिन्यांत मी सगळ्यांचा वेळ मागितला, आईंचा, त्या मुलीचा, संपादकांचा, फक्त तुझा मागितला नाही. का नाही मागितला, हे मलाच नीट सांगता आलं नाही. तो थकून येतो, हे खरं. पण आईही सहासष्टीच्या आहेत, लावणी करून येतात, त्यांच्याकडे मी मागितलाच होता. तो बराच वेळ गप्प बसला.

६ ऑगस्टला दुपारी बाराला दहा कमी असताना कथा पाठवली. नारळी पौर्णिमा दोन दिवसांवर होती. संध्याकाळी दोघांना घेऊन समुद्रावर गेले. पाणी अजून गढूळ होतं, लाटा मोठ्या. मोठीनं ओल्या वाळूवर रेघोट्या ओढल्या आणि मला काय आहे ते ओळखायला सांगितलं. मला ओळखता आलं नाही, पण मी नीट बघितलं.

अंक वसुबारसेच्या आधी आला. आईंनी कथा चष्मा लावून दोन दुपारी पुरवून वाचली आणि म्हणाल्या, शिमग्याचं बरोबर आलंय.

आता आईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं आहे. दहा ते बारा ही वेळ पुढचे काही महिने त्यांची, मालिश आणि व्यायामाची, आणि ती मी सांभाळणार. धाकटा अंगणवाडीत जाईपर्यंत रोजचे दोन तास मिळायचे नाहीत. रविवारची सकाळ तेवढी आहे. आठला नवरा दोघांना घेऊन निघतो, कधी व्याडेश्वराला, कधी समुद्रावर, कधी वेलदूरच्या धक्क्यावर होड्या बघायला. पहिल्या रविवारी तो चपला घालून उंबऱ्यात उभा राहिला आणि त्यानं विचारलं, “किती वाजता येऊ?”

“साडेअकरा,” मी म्हटलं.